घरात साचलेला गाळ

खाणीत सगळे त्याला पाणक्या म्हणायचे. नाव इतकं चिकटलं होतं की हजेरी घेणारा मुकादमही तेच पुकारायचा. काम त्याचं वाळू धुण्याचं. डोंगर पोखरून आणलेला माल, म्हणजे दगड, खडी, वाळू आणि त्यांना लगडलेली माती, त्याच्या यंत्रात पडायचा. वरून पाण्याचे फवारे, खाली हलती चाळणी. खडी चाळणीवरून घरंगळत पट्ट्यावर जायची. वाळू खालच्या तिरप्या लोखंडी हौदात पडायची. त्या हौदात एक लांबलचक स्क्रू सावकाश फिरत असायचा. तो वाळूला ओढत ओढत वर आणायचा आणि गढूळ पाणी हौदाच्या काठावरून सांडून नळीवाटे गाळाच्या तळ्याकडे जायचं. जड ते राहतं, हलकं ते जातं. एवढंच त्या यंत्राला कळायचं, आणि पाणक्याही स्वतःला त्याहून फार शहाणा समजत नसे.

त्याची बायको पट्ट्यावर उभी राहायची. वाहत्या खडीतून मुळं, लाकडं, मातीचे गोळे वेचून बाजूला टाकायचे, हे तिचं काम. तिच्या शेजारी मावशी, वयानं थोरली, तोंडानं त्याहून थोरली. दोघींची जोडी जमलेली.

"दगडांना रोज अंघोळ घालतो," बायको सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणायची, "आणि स्वतःला विचारा, शेवटची कधी घातली."

"तू घाल की मग," मावशी म्हणायची. "चाळणीवर बसव आणि सोड फवारा."

तो यंत्राच्या माच्यावरून ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. संसार असा चालला होता. भांडण व्हायचं, मिटायचं. लेकीचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली होती आणि घरात दोघंच उरली होती.

बायको गेली ती गाळाच्या तळ्यात.

त्या तळ्यावर वरून साय धरते. परक्याला वाटतं वाळलेली जमीन आहे. आत मात्र राखाडी लापशी, किती खोल ते कुणालाच नीट माहीत नाही. खाणीतल्या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. नळीच्या तोंडाशी जमीन घट्ट असते, कारण पाण्याबरोबर आलेली थोडीफार वाळू तिथंच बसते आणि हलका गाळ पुढं वाहत जातो. म्हणून घरी जायची आडवाट सगळे नळीच्या तोंडाजवळून काढायचे. त्या सकाळी पहिल्या पाळीनं नळी उचलून तळ्याच्या दुसऱ्या बाजूला नेली होती. दुपारपर्यंत तिथं नवीन वाळूचा थर पसरला, स्वच्छ, चमकदार. बायकोनं नळी पाहिली, वाळू पाहिली आणि पाय टाकला. थर बोटभर होता. खाली सगळा जुना गाळ. खाणीत नवा आलेला माणूस भीतीनं त्या तळ्याच्या वाऱ्यालाही उभा राहिला नसता. ती गेली, कारण तिला तळं वाचता येत होतं.

मावशी बुटाची नाडी बांधायला मागं थांबली होती म्हणून वाचली. तिनं एवढंच सांगितलं, "हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात साय पुन्हा जुळून आली होती."

दोर टाकले, लांब काठ्या टाकल्या. गाळावर होडी चालत नाही आणि माणूस उभा राहत नाही. सरकारी माणसं आली, बघून, लिहून गेली. साहेबांनी त्या तळ्याला येणारं पाणी बंद केलं आणि पलीकडं दुसरं तळं खणायला लावलं. म्हणाले, "हे सुकू द्या. सुकलं की पोकलेन आत घालू. एकेक थर काढू आणि सगळा तुझ्या यंत्रातून धुऊन घेऊ. काही म्हणून सुटणार नाही."

लेक धावत आली होती. तिनं तळ्याकडं बोट करून बापाकडून वचन घेतलं. "बाबा, आई त्यात आहे असं मला राहू द्यायचं नाही. तिला बाहेर काढा. तिला एक जागा द्या, जिथं मी येऊन बसेन."

"एक घमेलंसुद्धा न धुता जाऊ देणार नाही," तो म्हणाला. आणि त्याला तसंच वाटत होतं.

*

मग तळं सुकायची वाट बघण्याचे दिवस आले. पाणक्याची पाळी दुपारी संपायची. घर खाणीच्या वरच्या अंगाला, दोन खोल्यांचं. पुढं निजायची खोली, मागं स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागच्या दारातून उतरलं की धुण्याचा दगड. तो येऊन खाटेवर आडवा व्हायचा आणि आढ्याकडे बघत पडायचा.

अशाच एका दुपारी स्वयंपाकघरात चप्पल वाजली.

डाव्या पायाची चप्पल घासायची तिची सवय. फट, फरर. फट, फरर. मागच्या दारापासून चुलीपर्यंत. मग गुणगुण ऐकू आली, तीच, सूर अर्ध्यात सोडून देणारी. मग पुटपुट. "इथंच ठेवला होता बाई. आता काय पाय फुटले त्याला?" चष्मा शोधत होती. चष्मा नेहमी डोक्यावर सरकवलेला असायचा.

पाणक्याच्या अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. तो श्वास धरून पडून राहिला. उठलो तर जाईल, एवढं त्याला आतून कळलं होतं. मधल्या दाराला पडदा होता. तो पडद्याकडं बघत राहिला, आणि पडदा हलला नाही.

"अहो," आतून आवाज आला, "पुढचं दार लोटून घ्या. माशा येतात."

तो उठला आणि दार लोटून आला. इतक्या वर्षांत त्यानं इतक्या मुकाट्यानं दार कधी लावलं नव्हतं.

संध्याकाळी तो स्वयंपाकघरात गेला. कुणी नव्हतं. फरशीवर मागच्या दारापासून चुलीपर्यंत ओल्या पावलांचे राखाडी ठसे होते. त्यानं ते पुसले नाहीत. त्यांच्या कडेकडेनं चालत त्यानं आपला चहा टाकला.

त्यानंतर ती रोज यायला लागली. दुपारी, ऊन मागच्या भिंतीवर असताना. तो पाळी संपली की पळतच घरी यायचा. पोकलेनवाला हसायचा. "पाणक्या, घरी काय कोंबडी शिजते की काय?" मावशी मात्र हसायची नाही. ती एकदा त्याच्याकडं नीट बघून म्हणाली, "बायको गेलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो रे."

"मग कसा असतो?"

"मला काय ठाऊक. पण असा नसतो."

*

उन्हाळा सरत आला तेव्हा तळ्याच्या सायीला तडे गेले. पोकलेनवाल्यानं काठावरून सुरुवात केली. थर कापायचा, बाजूच्या फरशीवर पसरायचा, दोन माणसं काठीनं चाचपून बघायची आणि मगच तो गाळ यंत्रात टाकायचा. साहेबांनी पाणक्याला विचारलं, "दुसऱ्याला लावू का यंत्रावर?" तो नको म्हणाला. ते काम त्याचं होतं.

पट्ट्यावर पहिली वस्तू आली ती म्हणजे बायकोचा रुमाल. धूळ बसू नये म्हणून ती डोक्याला बांधायची तो, निळ्या ठिपक्यांचा. मावशीनं दोरी ओढून पट्टा थांबवला. रुमाल हातात घेऊन ती मटकन खालीच बसली. इतके महिने गाळात राहिलेला रुमाल फवाऱ्याखालून असा निघाला होता की कुणी आत्ताच पिळून दिला असावा. पाणक्यानं तो घडी करून छातीशी, सदऱ्याच्या आत ठेवला.

त्या दुपारी स्वयंपाकघरात चप्पल वाजली, पुटपुट झाली. गुणगुण झाली नाही.

त्यानं मनावर घेतलं नाही. माणूस रोज थोडाच गुणगुणतो? पण दुसऱ्या दिवशीही नाही, त्यानंतरही नाही. आणि फरशीवरचे ठसे मात्र दाट झाले होते. पूर्वी पातळ असायचे, आता बोट बुडेल एवढा गाळ असायचा त्यांत.

मग चाळणीवर तिचा बूट आला. डाव्या पायाचा, टाच झिजलेला. चाळणीच्या हिसक्यांनी तो नाचत नाचत पुढं येत होता आणि फवारे त्याला घासून काढत होते. मावशीनं तोंडाला पदर लावावा तसा हातमोजा लावला. पोकलेनवाला उतरून आला आणि टोपी काढून उभा राहिला. पाणक्या सगळ्यांच्या मध्ये तो बूट उलटा करून त्यातलं पाणी ओतत राहिला. पाणी संपलं तरी ओतत राहिला.

त्या दुपारी चप्पल वाजली नाही.

मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मग काहीतरी आत आलं, पण चालत नाही. ओलं पोतं फरशीवरून ओढावं तसं. चुलीपर्यंत आलं आणि थांबलं. बऱ्याच वेळानं पुटपुट ऐकू आली, "इथंच ठेवला होता बाई." आवाज तिचाच होता. पण बोलणं संपल्यावर एक बुडबुडा फुटल्यासारखा आवाज झाला, सुकत्या तळ्यात होतो तसा.

तेव्हा त्याला कळलं. उभ्या जन्मात तो दुसरं काही शिकला नव्हता, पण हे त्याच्या हाताखालून रोज जात होतं. यंत्रात एक गोष्ट टाकली की दोन निघतात. स्वच्छ ते पट्ट्यावर येतं आणि उरलेला गाळ कुठंतरी जावा लागतो. नवं तळं खणलं होतं, नळी तिकडंच जात होती. पण बायकोतून जो निघत होता तो गाळ नळीनं जात नव्हता. तो घरी येत होता.

चष्मा सापडला तो दिवस त्याला आधीच कळला. सकाळी यंत्र सुरू करायला त्यानं उशीर लावला. पट्ट्यावरून खडीबरोबर चष्मा आला, एक काच शाबूत. मावशीनं तो उचलला, आपल्या अंगातल्या कोटाला पुसला आणि त्याच्या हातात दिला. "आता जवळच असेल रे ती," ती म्हणाली. "पोकलेन मधल्या भागात आलंय. उद्या परवा सापडेल. सुटशील."

तो चष्मा खिशात घालून यंत्राकडं वळला.

दुपारी घरी पुटपुट झाली नाही. "अहो" म्हणून हाकही आली नाही. संध्याकाळ होण्याआधी, पहिल्यांदाच, तो पडदा बाजूला करून आत गेला.

खुर्चीवर काहीतरी बसलं होतं. तिच्या उंचीचं. राखाडी, ओलं, वरून साय धरलेलं. खुर्चीच्या पायांवरून गाळ ओघळून फरशीवर पसरला होता. तोंड असायला हवं तिथं काही नव्हतं, पण ते त्याच्याकडं वळलेलं होतं, हे त्याला कळलं. त्याच्या मधोमध एक बुडबुडा वर आला, थांबला आणि फुटला. मग दुसरा. ते श्वास घेत होतं.

"अगं," तो म्हणाला.

ते हललं नाही.

ओट्यावर त्याची कपबशी होती. कप गाळानं काठोकाठ भरलेला. बायको कप नेहमी कानाची बाजू भिंतीकडे करून ठेवायची, धक्का लागून फुटू नये म्हणून. हा कप कसाही ठेवला होता. रुमाल तिचा होता, बूट तिचा, चष्मा तिचा. हे मात्र तिचं होतं की नाही, ते त्याला सांगता येईना. पण उद्या ती तळ्यातून निघाली की हेही राहणार नाही, किंवा एवढंच राहील, दोन्हीपैकी काय ते त्याला ठाऊक नव्हतं. आणि घरात दुसरं कुणीच नव्हतं.

त्यानं दाराला कडी न लावता बाहेर येऊन खाट अंगणात घातली.

*

दुसऱ्या दिवशी त्यानं यंत्र सुरूच केलं नाही.

"पट्टा फाटलाय," त्यानं मुकादमाला सांगितलं. त्यानंतरच्या दिवशी पंप तापतोय म्हणाला. मग चाळणीची जाळी सैल आहे म्हणाला. पोकलेनवाला काढलेल्या गाळाच्या ढिगाशेजारी बसून बिड्या फुंकत राहिला.

"तुझं यंत्र एवढ्या वर्षांत एवढं आजारी पडलेलं पाहिलं नाही मी," तो म्हणाला. "डॉक्टर बोलवू का?"

"बोलव."

"कुणासाठी बोलवू ते सांग आधी."

मावशीनं डॉक्टर बोलवला नाही, लेकीला निरोप धाडला. ती पुढच्या गाडीनं आली. यंत्राच्या माच्यावर चढून तिनं पट्ट्यावर हात फिरवला. कुठं फाटला नव्हता. पंपावर हात ठेवला. गार होता.

"बाबा, यंत्र चांगलंय."

"हं."

"मग?"

त्यानं खाली बघितलं. "राहू दे ना गं. सापडली काय, न सापडली काय. कुठं जाणार आहे ती?"

"बाबा, वेडे झालात का? ती गाळात आहे! तुम्ही मला शब्द दिलाय."

"दिलाय."

"मला आई कुठंतरी आहे, असं नकोय. इथं आहे, असं हवंय. तुम्हाला नकोय?"

काय सांगणार? तुझी आई घरी येते, आणि आम्ही तिला धुऊन धुऊन संपवत आणली? तो म्हणाला, "घरी चल. बघ."

ती दोघं घरी आली तेव्हा ऊन मागच्या भिंतीवर आलं होतं. लेकीनं दार उघडलं आणि नाकाला हात लावला. स्वयंपाकघरात घोट्याएवढा गाळ होता. खुर्चीवर मोठा ढीग. लेकीला तो ढीगच दिसला असावा, कारण ती किंचाळली नाही. ती रागावली.

"अहो बाबा! कुठली नळी फुटली? आणि तुम्ही असेच राहताय? आईनं हे बघितलं असतं तर खाणीतून फावडं आणून आधी तुम्हाला लोटलं असतं बाहेर!"

तिनं बाह्या वर केल्या. झाडू घेतला, मग ठेवला, फावडं शोधायला लागली. आणि बोलता बोलता मध्येच थांबली. खोलीच्या मधोमध उभी राहून तिनं वास घेतला, लहानपणी दार उघडून घरात काय शिजलंय ते ओळखायची तसा. तिचा चेहरा उतरला.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "घरात आईचा वास राहिला नाही. तळ्याचा येतोय."

खुर्चीवरचा ढीग हलला. बुडबुडा फुटला. लेक एक पाऊल मागं सरकून बापाला चिकटली. "काय आहे हो ते?"

"काय आहे ते मलाही ठाऊक नाही," तो म्हणाला. "पण तुझ्या आईची वाटणी झाली आहे, आणि मी अर्धीच धरून बसलोय. चल खाली."

*

यंत्र त्याच दुपारी सुरू झालं. लेक मावशीच्या शेजारी, आईच्या जागेवर उभी राहिली. फार वेळ लागला नाही. पोकलेनवाल्यानं एक थर उचलला आणि तो वरच धरून भोंगा वाजवला. लांब, एकसारखा. सगळे पळाले.

त्यानं पोकलेनची बादली इतकी सावकाश खाली ठेवली की तिच्यातलं पाणीसुद्धा हिंदकळलं नाही. चिकणमातीनं बायकोला हवा लागू दिली नव्हती, म्हणून ती होती तशीच राहिली होती. गाळाच्या एका मोठ्या गोळ्यात ती कुशीवर होती, गुडघे पोटाशी घेऊन. खांदा तेवढा उघडा पडला होता.

मुकादम म्हणाला, साहेब येऊ देत, सरकारी माणसं येऊ देत, हात लावू नका. पाणक्या त्याच्याकडं न बघता यंत्राकडं गेला, हातानं धरायचा लांब रबरी पाइप घेऊन आला आणि चावी फिरवून धार कमी केली. आणखी कमी केली. दगडाला जेवढं पाणी लागतं तेवढं नव्हे. तळहातावर धरून त्यानं धार पाहिली, लेकीला पहिल्यांदा न्हाऊ घालताना बायकोनं पाणी कोपरानं पाहिलं होतं तशी. मग त्यानं बसून तिला धुतलं. केसांपासून सुरुवात केली. गाळ ओघळून खाली जात होता आणि तिचा कान दिसला, मग गाल, मग डोळे मिटलेले. लेकीनं डोकं धरलं होतं. मुकादमानं तोंड फिरवलं. पोकलेनवाल्याला इंजिन बंद करायचं आठवलं नव्हतं, तेवढाच आवाज.

सरकारी माणसं आली, गेली. साहेबांनी एक दिवसाची सुटी दिली. खाणीच्या वरच्या अंगाला, जिथं गावातल्या लोकांना माती देतात, तिथं जागा खणून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी माती द्यायचं ठरलं.

सकाळी तिला अंगावर घालायची चादर आणायला तो एकटा घरी गेला. त्याला वाटलं होतं, घर रिकामं असेल. रिकामं असावं अशी भीतीही होती.

ते बसलेलं होतं. काल जेवढं होतं त्याच्या दुप्पट. खुर्ची दिसत नव्हती. बुडबुडे येत नव्हते, म्हणजे श्वासही राहिला नव्हता, पण ते होतं, आणि त्याला जायला कुठं नव्हतं. खाली ती स्वच्छ होऊन निजली होती, कपाळावर सुरकुती नाही, ओठांच्या कोपऱ्यात चिडकेपणा नाही. कालपासून जो तो येऊन म्हणत होता, किती शांत दिसते. ती शांत कधीच नव्हती. तिचं टाकून बोलणं, तिचा हट्ट, लेकीच्या लग्नात झालेल्या मानापमानावरून वर्षभर धरलेला अबोला, एक मूल लहानपणीच गेलं त्या वर्षी रात्रंदिवस धुण्याच्या दगडावर कपडे आपटत राहणं, हे सगळं कुठं गेलं? ते तर गेलं नव्हतं. ते इथं बसलं होतं आणि इतके दिवस आपण त्याला भीत होतो.

"चल," तो म्हणाला. "तुला सोडून तिला कसं ठेवू?"

त्यानं फावडं घेतलं आणि घमेलं भरलं. गाळ इतका जड असत नाही. खांद्यावर घेतलं तेव्हा त्याला ते कोमट लागलं.

वर माणसं जमली होती. चादरीऐवजी घमेलं घेऊन येणाऱ्या पाणक्याला पाहून कुजबुज झाली. मावशी पुढं आली. "अरे, हे काय आणलंस?"

"तिचंच आहे."

"शुद्धीवर आहेस ना?"

"तू तिच्याशेजारी इतकी वर्षं उभी होतीस," तो म्हणाला. "हात लावून बघ."

मावशीनं हातमोजा काढून घमेल्यात हात घातला. गाळ अजून कोमट होता. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि तिनं मागं वळून माणसांना दरडावलं, "बघत काय उभे आहात? घमेली आणा!"

पोकलेनवाला आला, मुकादमही आला. खाणीतली माणसं, माल वाहायची त्यांना सवय. रांग लागली. घरापासून खड्ड्यापर्यंत हातोहात घमेली जात होती, आणि लेक खड्ड्याच्या काठावर बसून ती आईच्या अंगाभोवती हलकेच सोडत होती, आधी पायांशी, मग कुशीला, गार लागू नये म्हणून गोधडी खोचावी तशी. मध्येच एकदा ती हसली आणि रडायला लागली. "बाबा, मला आत्ता आई ओरडली असं वाटलं. हात धू म्हणून."

"धू मग," तो म्हणाला.

ऊन वर आलं तेव्हा स्वयंपाकघराची फरशी उघडी झाली. खुर्ची कोरडी होती. शेवटचं घमेलं पाणक्यानं स्वतः भरलं, स्वतः आणलं, आणि गुडघ्यावर बसून खड्ड्यात उलटं केलं. घमेलं रिकामं झालं. त्याचा हात मात्र मोकळा झाला नाही. मनगटाभोवती गाळ राहिला होता, आणि तो सरकत नव्हता. चार बोटं एका बाजूला, अंगठा एका बाजूला.

लेकीनं ते पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले. तिनं ओला रुमाल पुढं केला. "बाबा, पुसते मी. द्या हात."

"नको," तो म्हणाला. "ओढलं की धरून राहतो गाळ. वाळला की आपला आपण सुटेल."

मग माती लोटायला आलेली माणसं फावडी टेकवून थांबली. पाणक्या हात खड्ड्यावर धरून, उन्हाकडे करून बसला. त्यानं घाई केली नाही. मनगटावरचा राखाडी रंग कडेकडेनं हळूहळू फिकट व्हायला लागला होता, आणि आतली पकड अजून ओली होती.